वाळूच्या दगडातील ठसे : वासो कात्राकी



ग्रीसची कला म्हटली की संगमरवरी देवता आणि भग्न मंदिरे एवढ्यावरच बोलणे थांबते. विसाव्या शतकातील ग्रीसने मात्र मुद्राचित्रणाची, म्हणजे लाकूड, धातू वा दगड कोरून त्यावरून कागदावर ठसे घेण्याच्या कलेची, कसदार परंपरा घडवली आणि तिच्यात वासो कात्राकी यांचे स्थान वरचे आहे.

पश्चिम ग्रीसमधील मिसोलाँघीजवळच्या खाजणातील एतोलिको या गावी 1914 मध्ये त्यांचा जन्म झाला, आणि उथळ पाण्यातले कोळी व त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायका त्यांच्या चित्रांत आल्या त्या तेथूनच. अथेन्सच्या ललित कला विद्यालयात त्यांनी पार्थेनिस यांच्याकडे चित्रकला आणि केफालिनोस यांच्याकडे उत्कीर्णन, म्हणजे कोरण्याची कला, आत्मसात केली. पुढे परकीय फौजांनी देश व्यापला तेव्हा त्या प्रतिकार चळवळीत उतरल्या. एका ठशावरून हव्या तितक्या प्रती निघत असल्याने अशा काळात मुद्राचित्राचे मोल वेगळेच असते.

लाकडी ठशात, रबरी शिक्क्याप्रमाणेच, कोरलेला भाग कोरा राहतो, उंच उरलेल्या भागाला शाई लागते आणि आकृती कागदावर उलटी उमटते. 1950 च्या दशकात कात्राकी यांनी लाकूड बाजूला ठेवून वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण सांधून बनलेला दगड, हाती घेतला. रविवर्म्यांच्या तसबिरींमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले शिळामुद्रण ते हे नव्हे. त्यात दगड सपाटच राहतो, येथे तो कोरला जातो. वाळूच्या दगडात नाजूक रेघेला थारा नसतो, म्हणून त्यांच्या आकृती मोठ्या, ठाशीव आणि थोडक्या झाल्या, तर दगडाचा रवाळपणा काळ्या शाईत जसाच्या तसा उतरला. साधनाची अडचण हीच शैली व्हावी, असे क्वचित घडते.

1966 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल 1967 मध्ये सत्ता बळकावणाऱ्या लष्करशहांनी त्यांना यारोस या ओसाड बेटावर हद्दपार केले. 1988 मध्ये त्यांचे निधन झाले. एतोलिकोत आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. यारोसवर ना छापयंत्र होते ना कोरण्याजोगी शिळा, तेव्हा किनाऱ्यावरचे गोटे उचलून त्यांनी त्यांवरच चित्रे काढली. ठसा घ्यायचा नसल्याने आकृती उलटी काढण्याचे कारणही तेथे उरले नव्हते.