स्वस्त गोळीचा संशय



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे गेटसभेत आणि युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांत झाले. तेव्हा औषधशास्त्र आम्ही सांगणार नाही. मात्र कामगारांची औषधांची बिले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

आमचा एक मागावरचा कामगार रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेई. “भाऊ, पंधरा गोळ्यांत महिना निघतो,” म्हणाला. शेजारच्या मागावरचा माणूस अर्धांगाने पडलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता, तरीही! आम्ही त्याला जनऔषधीच्या दुकानात नेले. तेच अ‍ॅम्लोडिपिन, तेच ५ मिलिग्रॅम, किंमत कितीतरी कमी. त्याने पाकीट उलटसुलट केले आणि परत ठेवले. “इतकी स्वस्त? आत खडूच असणार.”

आम्ही हसलो. हसायला नको होते. स्वस्त म्हणून गरिबाच्या हातात जे पडते ते बहुधा निकृष्टच असते, हा त्याचा जन्माचा अनुभव.

एका डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “मी नुसते औषधाचे नाव लिहिले, तर कंपनी दुकानदार ठरवणार, ज्यात त्याला जास्त सुटते तीच गोळी देणार. रोगी बिघडला तर जाब मला.” यात तथ्य आहे. (कंपन्यांच्या भेटवस्तूंविषयी ते बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.) ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जेनेरिक नाव लिहिण्याची सक्ती केली आणि त्याच महिन्यात नियम स्थगित केले. हाथी समितीने तर १९७५ सालीच टप्प्याटप्प्याने ब्रँडनावे काढून टाका म्हणून सांगितले होते.

गंमत अशी, की आपल्या बाजारातली बहुतेक ब्रँडची औषधेही पेटंट संपलेली, म्हणजे जेनेरिकच आहेत. नाव तेवढे महाग. २००१ साली सिप्लाने एड्सवरची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली, तीही जेनेरिकच होती.

पण संशय निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. गोळी रक्तात मूळ औषधाइतकीच उतरते की नाही, ही चाचणी अनेक औषधांना सक्तीची झाली ती २०१७ साली. तपासणीचे निकाल दुकानाच्या फळीवर लावा, एवढीच आमची मागणी आहे.

तो कामगार? आमच्या व्याख्यानाने तो बधला नाही. शेवटी त्याच डॉक्टरांनी स्वस्त पाकीट हातात घेऊन पाहिले आणि चिठ्ठीवर लिहिले, ‘हीच चालेल, रोज घ्या’. खाली सही केली. ती चिठ्ठी अजून त्याच्या खिशात असते.