नदी, बोट आणि सिनेमा



मी कविता लिहिणारा माणूस. असा माणूस 'थीम पार्क' या विषयावर बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. वर्षभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मलाही वाटलं असतं. पण २०२५ च्या मे महिन्यात मी माझ्या थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे आपाबरोबर, अमेरिकेत फ्लोरिडाला गेलो आणि हा विषय माझ्या मानगुटीवर बसला.

आपाचा मुलगा ऑर्लँडो शहरात नोकरीला आहे. २००८ मध्ये शिकायला गेला आणि तिथलाच झाला. ऑर्लँडो म्हणजे थीम पार्कांचं गाव. डिस्नेची चार मोठी पार्कं एकट्या त्या परिसरात आहेत, शिवाय युनिव्हर्सल कंपनीची वेगळी. आमच्या भाच्याकडे डिस्नेचा वर्षभराचा पास. आपल्याकडे माणसं ज्या भक्तीनं क्रिकेटचे आकडे पाठ करतात, त्याच भक्तीनं याला कुठली राइड कधी सुरू झाली, कधी बंद पडली, हे तोंडपाठ.

आम्ही पोहोचलो त्याच रात्री त्याचे दोन मित्र जेवायला आले. एक पुण्याचा, एक तिथलाच. जेवण राहिलं बाजूला आणि वाद पेटला. गाजलेल्या चित्रपट-मालिकांनी पार्कं गिळून टाकली का, हा वादाचा विषय. भाचा म्हणत होता, प्रत्येक कोपऱ्यात आता कुठल्या तरी सिनेमाची पाटी लागते, पार्काचं स्वतःचं असं काही उरत नाही. मित्र म्हणत होते, सिनेमा नसेल तर येणार कोण? चाळिशीतली कर्ती माणसं पाळण्यांवरून भांडताहेत, हे पाहून मला आधी हसू आलं. पण ऐकता ऐकता वाटलं, हे भांडण माझ्या ओळखीचं आहे.

थोडा इतिहास सांगतो. वॉल्ट डिस्नेनं कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम इथं डिस्नेलँड उघडलं ते १७ जुलै १९५५ रोजी. तेव्हापासून तिथं सिनेमा आहेच. हिमगौरी आणि पीटर पॅन यांच्या राइड पहिल्या वर्षापासूनच्या. त्यामुळे 'पूर्वी सगळं शुद्ध होतं' हे म्हणणं काही खरं नाही. पण त्याच वर्षी तिथं जंगलातल्या नदीची सफर होती आणि मिसिसिपी नदीवर चालायची तशी चाकाची आगबोटही होती. त्या कुठल्या एका सिनेमाची गोष्ट सांगत नव्हत्या. पुढे १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेच्या लोकांनी जगभरातल्या मुलांच्या बाहुल्यांची जलसफर केली. १९६७ मध्ये समुद्री चाच्यांची राइड आली, १९६९ मध्ये भुताचा वाडा आला. या सगळ्या गोष्टी त्या जागेसाठीच रचलेल्या होत्या.

मग बदललं काय? डिस्नेनं २००६ मध्ये पिक्सार विकत घेतली, २००९ मध्ये मार्व्हल आणि २०१२ मध्ये 'स्टार वॉर्स'ची लुकासफिल्म. त्याच सुमारास, २०१० मध्ये, युनिव्हर्सलनं ऑर्लँडोतच हॅरी पॉटरचं अख्खं गाव उभं केलं आणि तिथं माणसांची रीघ लागली. एवढ्या कथा हाती आल्यावर आणि शेजाऱ्याकडची गर्दी दिसल्यावर कुठला व्यापारी गप्प बसेल? नवी राइड उभी करायची तर अफाट पैसा लागतो. लोकांना आधीच पाठ असलेलं नाव लावलं की धोका कमी होतो. यात कुणाचा कट नाही, साधा हिशेब आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एपकॉट नावाच्या पार्कात गेलो. १९८२ साली उघडलेल्या या पार्कात तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून एक जलसफर होती. भाच्यानं तिचं वर्णन केलं. व्हायकिंग होते, दंतकथांमधले ट्रोल होते, ध्रुवावरची अस्वलं होती आणि शेवटी उत्तर समुद्रातली तेलविहीरसुद्धा होती. २०१३ मध्ये 'फ्रोझन' सिनेमा आला आणि तुफान चालला. २०१४ च्या ऑक्टोबरात जुनी सफर बंद झाली आणि २०१६ मध्ये बहुतेक त्याच पाण्याच्या वाटेवर 'फ्रोझन'ची सफर सुरू झाली.

आम्ही बोटीत बसलो. भाच्याची आठ वर्षांची मुलगी सगळी गाणी मोठ्यानं म्हणत होती. आपाची सिनेमाची यादी 'मुघल-ए-आझम'पासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. बाहेर आल्यावर तिनं नातीला विचारलं, "बेटा, ही राणी नॉर्वेत कधी होऊन गेली?"

"दादी, ती नॉर्वेची नाही. एरेंडेलची आहे."

"मग हे एरेंडेल कुठं आलं?"

"सिनेमात!"

आपा म्हणाली, "चांगलं होतं. पण ती सगळी कशासाठी गात होती ते काही कळलं नाही."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा अख्खा मुद्दा त्याच्या आईनं एका वाक्यात मांडला होता. नॉर्वे हा देश खरा आहे, तिथं माणसं राहतात. एरेंडेलला जायला पासपोर्ट लागत नाही, पण सिनेमाचं तिकीट आधी काढलेलं असावं लागतं.

त्यानंतरच्या दिवशी मॅजिक किंगडममध्ये चाच्यांच्या सफरीला गेलो. कॅलिफोर्नियातल्या मूळ राइडची ही १९७३ मधली बहीण. अंधारात बोट सरकते, गाव जळत असतं, चाचे दारू पिऊन गात असतात. एका कोठडीत कैदी अडकलेत आणि समोर एक कुत्रा तोंडात किल्ल्यांचा जुडगा धरून बसलाय. कैदी त्याला चुचकारताहेत आणि तो ढिम्म हलत नाही. आपा एवढी हसली की पुढच्या बोटीतली माणसं वळून पाहू लागली. तिला कुठलाही सिनेमा माहीत असायची गरज पडली नाही. नातीनं मात्र बोट दाखवून ओरडून सांगितलं, "तो बघा, जॅक स्पॅरो!" गंमत अशी, की या राइडवरून २००३ मध्ये सिनेमा निघाला आणि २००६ मध्ये त्या सिनेमाचा नायक राइडमध्ये येऊन बसला. लेकरानं मोठं होऊन बापाच्या घरात खोली घेतली म्हणा ना.

त्या रात्री झोप येईना. मला आमचा तरही मुशायरा आठवला. त्यात एखाद्या जुन्या शायराची एक ओळ आधीच दिली जाते. त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात प्रत्येकानं आपली गझल रचायची. म्हणजे उसनवारी मान्यच असते. दिलेली ओळ ऐकताच लोक माना डोलावतात, कारण ती त्यांच्या ओळखीची असते. पण ती टाळी जुन्या शायराची. तुमची टाळी तुमच्या शेरापासून सुरू होते. मी स्वतः एकदा दिलेल्या ओळीच्या जोरावर वाहवा मिळवून खाली उतरलो होतो. तेव्हा एका बुजुर्गांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "ते ठीक आहे, पण तू काय म्हणालास?" ते मी अजून विसरलेलो नाही.

या वादालाही मला तोच प्रश्न विचारावासा वाटतो. सिनेमा घेतलात, हरकत नाही. पण या जागेनं स्वतःचं काय सांगितलं? ज्यानं तो सिनेमा पाहिलेला नाही, अशा माणसाला तिथून काही मिळतं का? कुत्र्याच्या तोंडातली किल्ली आपाला मिळाली. एरेंडेलची राणी नाही मिळाली.

आपल्याकडचंही उदाहरण घ्या. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं, तेव्हा तिथं १९८७ च्या 'मिस्टर इंडिया' सिनेमावर बेतलेली राइड होती आणि अलीबाबा-चाळीस चोरांचीही होती. अलीबाबाची गुहा आजीलाही ठाऊक आणि नातवालाही. कारण ती गोष्ट कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. नेदरलँड्समध्ये एफ्टेलिंग म्हणून पार्क आहे. १९५२ साली अँटोन पीक या चित्रकाराच्या कल्पनेतून तिथं परीकथांचं जंगल उभं राहिलं, ते आजही लोकांचं आवडतं आहे. सर्वांच्या मालकीच्या गोष्टींवरही पार्क उभं राहतं, ते असं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. भाच्याच्या मित्रांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नव्हतं. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये आणि फ्लोरिडात १९९२ मध्ये पाण्यात झेप घेणारी एक लोकप्रिय राइड सुरू झाली होती. ती १९४६ च्या ज्या सिनेमावर आधारलेली होती, त्यात कृष्णवर्णीयांचं चित्रण अपमानकारक असल्याची टीका अनेक वर्षं होत आली. २०२३ मध्ये दोन्हीकडे ती बंद केली आणि २०२४ मध्ये तिथं टियाना या कृष्णवर्णीय नायिकेची राइड आली. तीही सिनेमाचीच. कुणी जुन्या राइडसाठी हळहळलं, पण ज्या आईला आपल्या मुलीचा चेहरा त्या राजकन्येत दिसला असेल, तिला जाऊन 'पार्काची ओळख पुसली' असं कसं सांगणार? आणि बोटीत गाणाऱ्या माझ्या नातीच्या चेहऱ्यावरचा आनंद काही खोटा नव्हता. जुनं म्हणून सगळंच जपायचं, असंही नाही.

तरीही भाच्याचं एक दुःख मला परतायच्या आदल्या दिवशी समजलं. मॅजिक किंगडममध्ये एक कृत्रिम नदी होती, १९७१ मध्ये पार्क उघडलं तेव्हापासूनची. तिच्यात चाकाची आगबोट फिरायची आणि मध्ये टॉम सॉयरचं बेट होतं. टॉम सॉयर हेही मार्क ट्वेनच्या १८७६ च्या कादंबरीतलं पोर, म्हणजे तीही उसनवारीच. पण बेटावरच्या गुहांमध्ये धावायला कादंबरी वाचलेली असावी लागत नव्हती. ही नदी काढून तिथं 'कार्स' या २००६ च्या सिनेमाच्या मोटारी आणायच्या, हे २०२४ मध्येच जाहीर झालं होतं.

आम्ही त्या बोटीच्या वरच्या मजल्यावर उभे होतो. भाचा म्हणाला, "मामू, अब्बा गेले तेव्हा मला घरी येता आलं नव्हतं. ठाऊक आहे तुम्हाला. त्यानंतर कितीतरी रविवार मी इथं येऊन बसायचो. मार्क ट्वेनच्या आवाजात कुणी तरी माहिती सांगत असायचं, मी ऐकायचो नाही. नुसतं पाणी बघायचो. या बोटीला स्वतःची फारशी गोष्ट नव्हती ना, म्हणून माझी चालून जायची."

आपा शेजारीच होती. ती काही बोलली नाही. तिनं त्याचा हात धरला आणि बोट काठाला लागेपर्यंत सोडला नाही. चौदा वर्षांत त्या मायलेकरांनी या विषयावर एक शब्द काढला नव्हता, हे मला माहीत होतं.

६ जुलै २०२५ रोजी बोटीची शेवटची फेरी झाली. भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, लेक खूश आहे, मोटारी येणार म्हणून. मीच म्हातारा झालो का?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा. तिला मोटारी हव्यात, मिळू देत. तिचीही 'फ्रोझन'ची बोट कधीतरी बंद होईल आणि तेव्हा तीही तुझ्यासारखीच भांडेल. त्या दिवशी तिला आजचं तुझं दुःख सांग. पण बांधणाऱ्यांना तू एवढं विचारत राहा, की काहीच न पाहिलेला माणूस आला, मनात स्वतःचंच काही घेऊन आला, तर त्याला बसायला जागा ठेवली आहे का?"

असं विचारून काही होतं का, असं आपण म्हणाल. कधी कधी होतं. एपकॉटमध्येच फिगमेंट नावाचा जांभळा छोटा ड्रॅगन आहे, कुठल्याही सिनेमातून न आलेला. १९९९ मध्ये नव्या राइडमधून त्याला जवळजवळ हद्दपार केलं. लोकांनी तक्रारींचा भडिमार केला आणि २००२ मध्ये तो परतला. चाहत्यांची भांडणं अगदीच वाया जात नाहीत.

नदी गेल्याचं आपाला मीच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "आणि तो कुत्रा रे? किल्लीवाला?"

"तो आहे, आपा."

"देत नाही ना अजून किल्ली?"

"नाही देत."

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बघू."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)