जोडचाके काढून एकच रुंद टायर : ट्रॉलीचा आणि जमिनीचा हिशेब

ऊस तुटून गेल्यावर खोडव्याकडे नीट पाहा. ओल असताना भरलेली ट्रॉली जिथून गेली, तिथे फुटवे विरळ दिसतात, नांग्या पडतात आणि पाणी दिल्यावर ते तुंबून राहते. दर वेळी दोष खताचा नसतो. चाकाखाली मातीतील मोठ्या पोकळ्या मिटतात, मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी मुरत नाही. काळ्या भारी जमिनीत हे नुकसान अधिक होते.

अशा वेळी ट्रॅक्टरमालक विचारतात, ‘ट्रॉलीची मागची जोडचाके काढून दोन्ही बाजूंना एकेकच रुंद टायर बसवला तर?’ याचे उत्तर टायरच्या रुंदीपेक्षा त्यातील हवेवर अवलंबून आहे.

रस्त्यावरचे कारण वेगळे

मिशेलिन कंपनीने २००० साली अमेरिकेत जोडचाकांऐवजी बसवायचा ‘एक्स वन’ हा रुंद टायर बाजारात आणला. लांब पल्ल्याच्या ट्रकचे वजन कमी व्हावे आणि इंधन वाचावे, हा त्यामागील हेतू. त्यात हवा भरपूर भरावी लागते. म्हणून असा टायर डांबरी रस्त्यावर फायद्याचा ठरला, तरी शेतासाठी तो योग्य असतोच असे नाही.

वाळू-चिखलातून जाणाऱ्या ट्रकना व राहण्याची सोय असलेल्या घरगाड्यांना मागेही एकेकच टायर लावतात, त्याचे कारण आपल्या कामाचे आहे. मागचे चाक पुढच्या चाकाच्या चाकोरीतून चालते. जोडचाकाला मात्र नवी चाकोरी पाडावी लागते, शिवाय दोन टायरांमध्ये दगड व चिखल अडकतो.

साधा हिशेब

ट्रॉलीच्या एका आसावर ६ टन भार आहे असे धरू. चार टायर असतील तर प्रत्येकावर १५०० किलो येतात. टायरमध्ये ८५ पौंड हवा असेल, तर ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो होते. टायर जमिनीवर साधारण तेवढाच, किंवा थोडा जास्त, दाब देतो. म्हणजे प्रत्येक टायर सुमारे २५० चौ.सें.मी. आणि चारही मिळून १००० चौ.सें.मी. जागेवर टेकतात.

आता चारांऐवजी दोन रुंद टायर बसवले, पण हवा ८५ पौंडच ठेवली. प्रत्येकावर ३००० किलो, टेकण्याची जागा प्रत्येकी ५०० चौ.सें.मी., एकूण पुन्हा १०००. पैसे गेले, पण जमिनीवरचा दाब तोच राहिला.

परंतु ३५ पौंड हवेवर तेवढाच भार पेलण्यासाठी बनवलेले शेती-ट्रॉलीचे टायर घेतले, तर टेकण्याची एकूण जागा सुमारे २४०० चौ.सें.मी. होते. दाब निम्म्याहून कमी होतो. खरा फायदा इथे आहे.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी. हवा कमी केल्याने वरच्या थराचे रक्षण होते. नांगराच्या खोलीखालच्या थरावर परिणाम होतो तो मुख्यतः आसावरच्या एकूण वजनाचा. तिथे रुंद टायर फारसा उपयोगी पडत नाही. भारच कमी करावा लागतो.

टायर बदलण्यापूर्वी काय पाहावे?

१) भारक्षमता : काही ट्रक-टायरवर १५२/१४८ असे आकडे असतात. पहिला भारांक एकट्या टायरचा, म्हणजे ३५५० किलो. दुसरा जोडीतील प्रत्येक टायरचा, म्हणजे ३१५० किलो. जोडी ६३०० किलो पेलते. १६० भारांकाचा रुंद टायर ४५०० किलोच पेलतो. म्हणून एक रुंद टायर दोघांची जागा घेईल असे गृहीत धरू नये.

२) हवा : जुन्या ट्रक-टायरमधील हवा सोडून तो ‘मऊ’ करू नये. भाराखाली त्याच्या बाजू वाकतात, टायर तापतो आणि रस्त्यावर फुटू शकतो. हवा कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच ठेवावी. टायरची वेगमर्यादाही पाळावी.

३) रिम व आस : रुंद टायरला रुंद रिम लागते. चाक आत किंवा बाहेर सरकले, तर बेअरिंगवर ताण येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर बंधने आहेत. त्यामुळे आधी उत्पादक व परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी.

४) पंक्चर : जोडीतील एक टायर बसला, तरी रिकामी गाडी कडेला घेता येते. एकटा टायर बसला की गाडी तिथेच थांबते. जादा चाक सोबत असावे.

५) सरीचे अंतर : ९० सें.मी. सरीत रुंद टायर बुडख्यांवरच चढेल. नवी लागण करताना सरीचे अंतर आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांचे अंतर यांचा मेळ घालावा.

खर्च न करता होणारी कामे

भारी जमिनीत तोडणीपूर्वी साधारण १५ दिवस पाणी बंद करावे. परतीच्या पावसानंतर वाफसा पाहूनच ट्रॉली आत घालावी. १५ सें.मी. खोलीची माती मुठीत दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. तो फुटला तर वाफसा आहे; नुसता चेपला तर थांबावे. जमिनीची बरीचशी दाबणी पहिल्याच फेरीत होते. म्हणून ट्रॉली सगळ्या रानात न फिरवता ठरावीक वाटेनेच न्यावी. ओल असेल तर ट्रॉली अर्धीच भरावी किंवा बांधावर उभी करून मोळ्या तिथवर आणाव्यात. तोडणीनंतर वाफशावर खोडव्याच्या बगला फोडाव्यात. खोलवर दाबलेली जमीन खोडवा मोडल्यावर, कोरडी असताना सबसॉयलरने फोडावी.

टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी भरलेली ट्रॉली एकदा काट्यावर नेऊन प्रत्येक आसावरचे वजन नोंदवा. त्या आकड्याला लागणारी हवा ५० पौंडांहून कमी असेल असा टायर आणि त्याला योग्य रिम मिळत असेल, तरच बदल करा. तसे नसेल तर जोडचाके राहू द्या आणि भार कमी करा. खोडव्याचे उत्पादन टिकवण्यासाठी तेच हिताचे आहे.