मेघांतून कोसळणारा वारा



वैशाखातील वळीव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवसभराची काहिली, मग काळवंडलेले आभाळ, आणि पहिला टपोरा थेंब पडण्यापूर्वीच धुळीचे लोट उडवीत येणारा गार वारा. हा वारा ढगातून खाली येतो. पावसाचे थेंब कोरड्या हवेतून पडताना त्यांतील काही पाण्याची वाफ होते. त्यामुळे हवा थंड व जड होऊन जमिनीकडे कोसळते आणि फरशीवर उपडी केलेल्या घागरीतील पाण्याप्रमाणे चहूंकडे पसरते. हाच प्रपात चार किलोमीटरांहून कमी रुंदीच्या जागेत तीव्र वेगाने घडला, तर त्यास 'मायक्रोबर्स्ट' म्हणतात. त्याचा ऐन भर काही मिनिटांपुरताच असतो. पाऊस वाटेतच आटून जमीन कोरडी राहिली, तरीही हा झोत खाली येऊ शकतो.

जमिनीवरील माणसाच्या दृष्टीने हे चार पत्रे उडण्याचे निमित्त. उतरत्या विमानाची गोष्ट निराळी आहे. झोताच्या कडेत शिरताच पसरणारा वारा विमानाला समोरून भेटतो. विमानाला उचलून धरणारे बल पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगावर अवलंबून असल्याने विमान ठरलेल्या मार्गाच्या वर चढू लागते. साहजिकच वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतो. काही सेकंदांत झोताचा मध्य येतो व हवा वरून खाली दाबू लागते. तो ओलांडला की तोच वारा पाठीमागून येतो. समोरून ताशी ५० किलोमीटर आणि मागून तितकाच वारा असेल, तर एकूण फरक १०० किलोमीटरांचा होतो. जवळ उंची नाही, जोर आधीच कमी केलेला, आणि जेट इंजिनास पुन्हा पूर्ण जोर धरावयास काही सेकंद लागतात. संकट येते ते प्रथम साहाय्याच्या रूपाने, हेच यातील खरे कपट होय.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ईस्टर्न एअर लाइन्सचे बोइंग ७२७ विमान वादळी पावसात उतरताना कोसळले व ११३ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या काही मिनिटे अगोदर उतरलेल्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने धावपट्टी बदलावी, अशी सूचना केली होती. दुसऱ्या एका विमानाने उतरण्याचा प्रयत्न सोडून दिला होता. परंतु विमानतळावरील वायुमापक वारा अनुकूल असल्याचे दाखवीत होता. यंत्र खोटे बोलत नव्हते. ते जेथे उभे होते, तेथील वारा खरोखरच तसा होता!

या अपघाताचा उलगडा केला शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी. १९४५ मध्ये त्यांनी नागासाकी येथे अणुबाँबने केलेल्या विध्वंसाची पाहणी केली होती. १९७४ च्या चक्री वादळांनंतर अमेरिकेतील जंगलांवरून विमानातून जाताना काही ठिकाणी झाडे गोल फिरल्यासारखी नव्हे, तर एका बिंदूपासून बाहेर ताऱ्याच्या किरणांप्रमाणे आडवी झालेली त्यांना दिसली, आणि नागासाकीची आठवण झाली. केनेडीच्या अपघातामागे असाच खाली आपटणारा झोत असावा, हे त्यांचे म्हणणे अनेक हवामानतज्ज्ञांना मान्य नव्हते. तेव्हा वाद घालीत न बसता फुजितांनी पुरावा गोळा केला. १९७८ च्या मे महिन्यात शिकागोनजीक डॉपलर रडारवर मायक्रोबर्स्ट प्रथम टिपला गेला. १९८२ मध्ये डेन्व्हर परिसरात ८६ दिवसांत असे १८६ झोत नोंदले गेले. ज्याला दुर्मीळ किंवा काल्पनिक समजत होते, ते नित्याचे निघाले.

तथापि ज्ञान झाले म्हणजे व्यवस्था झाली, असे नव्हे. त्याच १९८२ च्या जुलैत न्यू ऑर्लिन्सजवळ उड्डाण करणारे विमान वस्तीवर पडून १५३ जणांचा बळी गेला. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस येथे १३७ जण गेले. तेथे विमानतळाभोवती वायुमापकांचे जाळे होते. त्याची धोक्याची सूचना मिळाली ती विमान पडल्यानंतर. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत विमानांवर इशारा देणारी उपकरणे बसविणे व वैमानिकांना प्रशिक्षण देणे सक्तीचे झाले. इशारा मिळताच पूर्ण जोर लावून, नाक वर करून निघून जावे; धावपट्टी समोर दिसत असली तरी तिचा मोह धरू नये, हे त्या प्रशिक्षणाचे सार. विमानतळांसाठी खास डॉपलर रडारेही उभी राहू लागली.

२ जुलै १९९४ रोजी शार्लट येथे अशाच झोतात सापडून विमान पडले व ३७ प्रवासी दगावले. त्या विमानतळासाठी रडार ठरलेले होते. जागेच्या संपादनातील अडचणींमुळे ते अद्याप उभे राहिले नव्हते.