प्रिंटर रुसला तर आधी काय बघायचं?

तिसगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आज प्रिंटरची गोष्ट सांगायची आहे. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना कागदपत्रांच्या प्रतींसाठी आपण किती रांगा लावल्या, आठवतं ना? तेव्हाच आम्ही ठरवलं आणि गटातून कर्ज काढून शाईच्या टाक्यांचा एक प्रिंटर घेतला. एका ताईंच्या पुढच्या खोलीत तो ठेवला. चार पैसे सुटू लागले, हप्ताही वेळेवर जाऊ लागला.

मग होळी आली. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत शेजारी मढीला कानिफनाथांची यात्रा असते. आमच्यातल्या बऱ्याच जणी तिथं दुकान लावतात. तेवढे दिवस प्रिंटर बंदच राहिला. पाडव्यानंतर चालू केला तर अक्षरांत पांढऱ्या रेघा आणि काळा रंग अर्धाच. दुरुस्तीवाला म्हणाला, "हेड गेलं, साडेतीन हजार लागतील." हप्ता डोक्यावर, त्यात हा खर्च! सभेत दोघी म्हणाल्या, "विकून टाका ते खोकं."

एका ताईंची मुलगी कॉलेजला आहे. ती म्हणाली, "आधी तपासून तरी बघा." संगणकावर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये देखभालीचा भाग असतो. त्यात 'नोझल चेक' केलं की रेघांची एक जाळी छापून येते. जाळी तुटलेली दिसली म्हणजे शाईची बारीक भोकं बुजली. मग 'हेड क्लिनिंग' करायचं. पण सारखं सारखं नाही, कारण प्रत्येक वेळी शाई खर्च होते. आम्ही दोनदा केलं, प्रिंटर रात्रभर बंद ठेवला, सकाळी पुन्हा एकदा केलं. जाळी पूर्ण आली! साडेतीन हजार वाचले. कधी हेड खरंच जातं, पण ते तपासल्यावर ठरवावं.

भोकं बुजली कशानं, हेही तेव्हाच कळलं. एक तर कोरड्या उन्हाळ्यात इतके दिवस एकही पान छापलं नव्हतं. दुसरं म्हणजे आम्ही प्रिंटर थेट बोर्डाच्या बटणावर बंद करायचो. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणानं बंद केला की हेड आपल्या जागेवर जातं आणि त्यावर झाकण बसतं. मधेच वीज तोडली तर ते उघडं राहतं आणि शाई वाळते. म्हणून आधी प्रिंटरचं बटण, त्यावरचा दिवा विझला की मग बोर्डाचं. छापताना लाईट गेली तर आल्यावर प्रिंटर एकदा चालू करायचा आणि त्याच्याच बटणानं बंद करायचा. आठवड्याला एक रंगीत पान छापायचं. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर नळीत हवा शिरते.

आता कागद अडकला तर. घाईनं ओढू नका. प्रिंटर बंद करा, झाकण उघडा आणि कागद दोन्ही हातांनी, हळू, शक्यतो तो ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं काढा. तुकडा आत राहिला तर पुन्हा अडकतो, म्हणून काढलेलं पान जोडून बघा. पावसाळ्यात कागद ओलसर होतो आणि दोन-दोन पानं एकदम जातात. गठ्ठा पिशवीत बांधून ठेवा. लावण्याआधी पत्त्यांसारखा फुलवून घ्या आणि ट्रे गच्च भरू नका.

तिसरी तक्रार, "सगळं चालू आहे, पण छापतच नाही." आधी वायर दोन्हीकडून घट्ट आहे का ते बघा. वायफायचा असेल तर संगणक आणि प्रिंटर एकाच वायफायवर हवेत. मग आधीची अडकलेली कामं रद्द करा आणि दोन्ही यंत्रं बंद करून चालू करा. पान कडेला कापलं जात असेल तर कागदाचा आकार ए-फोर निवडलाय का ते बघा.

आपल्या रस्त्याची धूळ तर तुम्हाला ठाऊकच आहे. काम झालं की प्रिंटरवर फडकं टाका. आणि एक महत्त्वाचं. बिघडलेली आधारची, पासबुकाची प्रत रद्दीत टाकू नका. बारीक फाडा. लोक विश्वासानं आपल्या हाती कागद देतात.

आम्ही प्रिंटरजवळ एक वही बांधून ठेवली आहे. काय बिघडलं, काय केलं, ते जिच्या हातून झालं तिनं लिहायचं. पूर्वी बटणाला हात लावायला घाबरणाऱ्या ताईंच्याच नोंदी आता त्यात जास्त आहेत. बिघडलं तर बोलणी बसतील, ही भीती गेली की यंत्र निम्मं दुरुस्त होतं, मैत्रिणींनो. तुमच्या गटातही अशी वही ठेवून बघा.