शेवटचे दहा मैल
(मनमाड येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मनमाडात उभं राहून समुद्राविषयी बोलायचं म्हणजे तुम्हाला हसू येईल. हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघण्यात आपले किती उन्हाळे गेले! मी स्वतः समुद्र पाहिला तो एम.एस.डब्ल्यू.साठी मुंबईला गेले तेव्हाच. तरी आज बोटीचीच गोष्ट सांगते, कारण ती घरी परतण्याची गोष्ट आहे.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., 'तारिणी' ही शिडाची छोटी बोट घेऊन गोव्याहून निघाल्या. पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ला गोव्यातच परतल्या. सुमारे २५,४०० सागरी मैल, शिडाच्या जोरावर. दोघी होत्या खऱ्या, पण एकीनं झोपायचं तर दुसरीनं जागायचं. म्हणजे पहाऱ्यावर प्रत्येकजण एकटीच. त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे 'म्हादेई' बोटीतून अगदी एकट्यानं जगाला वळसा घालून आले होते. असं करणारे ते पहिले भारतीय. पण त्यांच्याही मागे गोव्याच्या दिवाडी बेटावर बोट बांधणारे हात होते. पुढे 'तारिणी'ही तिथेच बांधली गेली, आणि २०१७ साली तिच्यावरून निघालेल्या सहाजणींना तयार करण्यात दोंदेंचा वाटा होता. एकटीनं जायला सोबत लागते ती अशी.

आणखी एक गोष्ट दर्यावर्दी जाणतात. भर समुद्रात वादळ झालं तर बोटीला वाऱ्याबरोबर पळायला जागा असते. किनारा जवळ आला की खडक, मासेमारीची जाळी, मोठ्या जहाजांची वर्दळ. वारा किनाऱ्याकडे लोटत असेल तर पळायला जागाच नाही. घर दिसू लागतं तिथेच डोळ्यांत तेल घालून जागावं लागतं.

हे वाचलं आणि मला आपल्याच स्टेशनवरची एक बाई आठवली. नवऱ्याच्या माराला कंटाळून दोन लेकरांना घेऊन रात्रीच्या गाडीनं आली होती. माहेर इथून तासाभरावर. पण सकाळपर्यंत ती बाकावरच बसून राहिली. रात्रीची भीती वाटली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "रात्रीचं काही नाही ताई. दार उघडल्यावर आई काय विचारील, त्याची भीती."

आणि खरं सांगते, तिला पाहिल्यावर माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला होता, "एकटीच आलीस?" इतकी वर्षं हे काम करून! आम्ही तिच्या माहेरी गेलो. भावाचा प्रश्न तयारच होता, "किती दिवसांसाठी?"

समुद्रावरून परतलेल्या बायकांचं आपण बंदरावर स्वागत करतो, आणि करायलाच हवं. संसाराच्या वादळातून लेकरं सावरत आलेली लेक मात्र परसदारानं घरात येते. तिनं काय कमी धाडस केलं? तिला ना नकाशा, ना कुणाचा निरोप.

भावाला 'किती दिवस' विचारण्याचा अधिकार कुणी दिला? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, लग्न झालेलीलाही. पण हक्कसोडपत्रावर सही करून आपणच तो भावाच्या ओंजळीत टाकतो, माहेर तुटू नये म्हणून. आणि गरज पडते तेव्हा माहेराचं दार किलकिलंच उघडतं.

म्हणून संघटनेच्या मैत्रिणींना माझं सांगणं एवढंच. अर्ज, पोटगी, कोर्ट हे आपण करतोच. पण बाई घरी परतते तेव्हा शेवटच्या टप्प्यात तिच्याबरोबर चला. उंबऱ्यापर्यंत जा, चहा होईपर्यंत बसा, आठवड्यानं पुन्हा जा. सोडपत्रावर सही करायच्या आधी प्रत्येकीला थांबवा.

आणि कुणी दारात आली, तर 'एकटीच का आलीस' हे विचारू नका. 'आलीस, बरं झालं' म्हणा. मीही तेच शिकते आहे.