सूत्रधाराचा फांसा

अंगणांत लपंडाव चालला आहे. आठदहा वर्षांचीं मुलें धांवत आहेत आणि त्यांच्यामागें कोणाचा तरी चार वर्षांचा धाकटा भाऊ लुडबुडत आहे. त्याला घेतल्यावांचून सुटका नाहीं. कारण तो रडेल आणि घरांतून आईची हांक येईल. तेव्हां मुलें त्यास खेळांत घेतात, पण 'कच्चा लिंबू' म्हणून. तो सांपडला तरी त्याच्यावर राज्य यावयाचें नाहीं. हा नियम कोणत्याहि पुस्तकांत छापलेला नाहीं, कोणत्याहि मंडळानें तो संमत केलेला नाहीं. तरी महाराष्ट्रांत घरोघरचीं मुलें तो पाळीत आलीं आहेत. घरच्या नियमाचें इतकें सुबक उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

नियम कोणीं करावा, तो केव्हां बदलावा आणि बदलावयाचा तर कोणास विचारून, हा प्रश्न ज्या खेळांत क्षणोक्षणीं उभा राहतो असा एक खेळ आज मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळींत खेळला जातो. इंग्रजींत त्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. भूमिकांचा खेळ असें त्यास मराठींत म्हणतां येईल. चार-पांच जण टेबलाभोंवतीं बसतात. एकेकानें एकेक पात्र पत्करलेलें असतें: कोणी योद्धा, कोणी जादुगार, कोणी चोर, कोणी झाडपाला जाणणारी भगतीण. हीं पात्रें एका अद्भुत देशांत संचार करतात. त्या देशांतील डोंगर, नगरें, राजे, राक्षस, फार काय वाटेवरच्या धर्मशाळेंतलें मांजरसुद्धां, ह्या सर्वांचा भार उरलेल्या एकावर असतो. तो गेम मास्टर. आपल्या नाट्यपरंपरेंतला शब्द वापरावयाचा तर सूत्रधार. सूत्रधार प्रसंग वर्णितो आणि "आतां तुम्ही काय करतां?" असें विचारतो. खेळाडू उत्तर देतात. जेथें यशापयश अनिश्चित असेल तेथें फांसा पडतो. ह्या खेळांत कोणी जिंकत नाहीं आणि कोणी हरत नाहीं. कथा मात्र पुढें सरकते आणि ती कोठें जाऊन थांबेल हें सूत्रधारासहि ठाऊक नसतें.

नव्या मुंबईंतील शिरवणे गांव घ्यावें. जुईनगर स्थानकाजवळच्या ह्या जुन्या गांवठाणाभोंवतीं आतां, १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेलें नगर पसरलें आहे. महामार्गाच्या पलीकडे कारखान्यांची वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगास कांहीं अंतरावर ठाण्याची खाडी आहे. तेथील एखाद्या घरांत रविवारीं दुपारीं पांच जणांनीं असा खेळ मांडला आहे अशी कल्पना करावी. त्यांच्या सूत्रधारानें युरोपांतील गढ्या आणि पंखांचे अजगर उसने आणण्याची मुळींच गरज नाहीं. खाजणांतील कांदळवन, भरती-ओहोटीनें झांकणारी व उघडणारी पायवाट, पाण्यांत ओढून नेणारा गिऱ्हा, वेशीवरचा वेताळ आणि पिंपळावरचा मुंजा एवढी सामग्री एका वर्षाच्या रविवारांस पुरून उरेल. परंतु सामग्री बदलली कीं नियमहि बदलावे लागतात. पुस्तकांतला राक्षस तलवारीनें मरतो. मुंजा तलवारीनें कसा मरेल? त्याची राहून गेलेली सोडमुंज कोणी केली तरच तो सुटावयाचा. असा नियम पुस्तकांत मिळत नाहीं. तो सूत्रधारानेंच करावा लागतो.

पंचाच्या हातीं एवढी सत्ता देण्याची रीत करमणुकींतून नव्हे, तर रणशास्त्रांतून आली. प्रशियाच्या सैन्यांतील गेऑर्ग फॉन राइसविट्झ ह्या तरुण अधिकाऱ्यानें आपल्या वडिलांची कल्पना सुधारून १८२४ सालीं युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. आठ हजारांस एक ह्या प्रमाणाचा नकाशा, पलटणींचे लहान ठोकळे आणि फांसे ही त्याची सामग्री. दोन्ही पक्षांचे सेनापति आपापले हुकूम पंचाकडे लेखी देत. पंच ठोकळे हलवी आणि ज्याला जेवढें दिसणें शक्य तेवढेंच त्याच्या दृष्टीस पडूं देई. नुकसानीचे आंकडे फांसा टाकून कोष्टकांवरून काढावयाचे. पुढें ह्या कोष्टकांचा अधिकाऱ्यांस जाच वाटूं लागला. १८७६ सालीं यूलियस फॉन व्हेर्डी दु व्हेर्नॉय ह्या सेनानीनें असें प्रतिपादन केलें कीं, हें ओझें फेंकून द्यावें आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सारी भिस्त ठेवावी. नियम श्रेष्ठ कीं पंच श्रेष्ठ हा वाद असा जुना आहे. कोष्टक पंचाला लहरीपासून वांचवितें, पण त्याचा कारकून करून सोडतें. मोकळा पंच खेळास वेग देतो, पण मग त्याच्या शहाणपणाखेरीज खेळाडूंस दुसरा आधार उरत नाहीं.

अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन ह्या दोघां युद्धखेळप्रेमींनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हां ह्या वादाचा वारसा त्यांच्याकडे आपोआपच आला. तीन लहान पुस्तिका आणि पहिल्या छपाईच्या एक हजार प्रती, एवढाच त्याचा आरंभींचा संसार होता. त्या पुस्तिकांत जागोजाग मोकळ्या जागा होत्या. आणि त्या वाचकानें स्वतःच्या कल्पनेनें भरून काढाव्या असेंच कर्त्यांचें सांगणें होतें. म्हणजे घरचा नियम हा ह्या खेळांत मागाहून शिरलेला परका नव्हे. तो जन्मापासूनचा सोबती आहे.

महाराष्ट्रास तरी ही रीत कोठें अपरिचित आहे? दक्षिण कोंकणांतील दशावतारी नाटकांत लिहिलेली संहिता नसते. आख्यान आणि पात्रें खेळापूर्वीं ठरतात; संवाद नट रंगभूमीवर उभे राहूनच रचतात. फरक इतकाच कीं, दशावतारांत शेवट सर्वांस ठाऊक असतो. राक्षस मरावयाचाच. टेबलावरच्या खेळांत राक्षस मरेल कीं नायक मरेल हें फांसा ठरवितो. आणि सूत्रधाराची खरी कसोटी तेथेंच लागते.

घरचा नियम करणें सोपें आहे. त्याचा हिशेब करणें अवघड. ह्या खेळांतला मुख्य फांसा वीस बाजूंचा असतो. त्यावर एक पडला कीं हातांतली तलवार निसटते, असा नियम पुष्कळ सूत्रधार हौसेनें करतात. ऐकावयास तो गमतीचा वाटतो. आतां गणित पाहावें. एक पडण्याचा संभव शेंकडा पांच. २०१४ सालीं निघालेल्या पांचव्या आवृत्तींत नवशिका योद्धा आपल्या खेपेस एकदां वार करतो. अकराव्या पायरीस पोंचलेला वीर तीनदां करतो. अर्थात् नवशिक्याची तलवार दर खेपेस शेंकडा पांच संभवानें निसटेल, तर कसलेल्या वीराची शेंकडा चौदाहून अधिक संभवानें! जो जितका निष्णात तितका तो धांदरट, असा हा उफराटा न्याय झाला. सूत्रधाराच्या मनांत असें कांहीं नसतें. तें आंकड्यांत दडून बसलेलें असतें. म्हणून नवा नियम उच्चारण्यापूर्वीं पाटीवर दोन ओळींचें गणित मांडून पाहणें हें सूत्रधाराचें पहिलें कर्तव्य होय.

सर्वांत नाजूक नियम मरणाविषयींचा. पात्राचें प्राणबळ आंकड्यांत मोजलेलें असतें. १९७४ च्या पुस्तिकांप्रमाणें तें शून्यावर आलें कीं पात्र मेलें. २०१४ च्या नियमांप्रमाणें तें मूर्च्छित पडतें आणि दर खेपेस फांसा टाकला जातो. दहा किंवा अधिक पडले तर यश, कमी पडले तर अपयश; तीन यशांनीं जीव स्थिरावतो, तीन अपयशांनीं जातो. ह्या दोन टोकांमधली जागा घरोघर निरनिराळ्या तऱ्हेनें भरली जाते. हुतुतूच्या मैदानावर वाढलेल्यांस ह्यांत नवल वाटावयास नको. जुन्या हुतुतूचे संजीवनी, गनिमी आणि अमर असे प्रकार होते. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला मेलेला गडी जिवंत होई. गनिमींत मेला तो डाव संपेपर्यंत मेलाच. अमरांत गडी मैदान सोडीतच नसे. नुसते गुण मोजले जात. तिन्ही प्रकार आपापल्या परीनें न्याय्य होते. अन्याय्य ठरली असती ती एकच गोष्ट: गनिमीनें सुरू झालेला डाव आपला हुकमी गडी पडतांच संजीवनी म्हणून पुकारणें. ह्यालाच मुलें रडीचा डाव म्हणतात.

आतां शिरवण्याच्या त्या बैठकीकडे पुन्हां वळावें. खेळणाऱ्यांत एक बारा वर्षांची मुलगी आहे आणि सूत्रधार तिचा मामा आहे. तिची भगतीण एका वर्षाच्या रविवारांतून वाढली आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिनें तिचें चित्र रंगविलें आहे. आज कांदळवनांत भरतीचें पाणी चढत असतां, साथीदारांस पळून जाण्यास अवसर मिळावा म्हणून ती गिऱ्ह्यापुढें एकटी उभी राहते. सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागें फांसा टाकतो. पडलेला आंकडा प्राणघातक आहे, आणि तो एकट्या त्यालाच दिसतो.

"मामा, किती पडले?"

खोटा आंकडा सांगणें ह्या घटकेस अगदीं सोपें आहे. अनुभवी सूत्रधारांतहि ह्या बाबतींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, खेळ आनंदासाठीं आहे. एका निर्जीव तुकड्याच्या लहरीखातर मुलीच्या डोळ्यांत पाणी कां आणावें? हा पक्ष हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक खोल जातें. ती मुलगी साथीदारांसाठीं उभी राहिली तेव्हां तिनें मरणाचा धोका पत्करला होता. धोका खोटा ठरला तर तिचें धैर्यहि खोटें ठरतें. शिवाय लपविलेला फांसा आज ना उद्यां उमगतोच. आणि तो उमगला कीं मागच्या वर्षभराचे सारे विजय एकदम संशयास्पद होतात. मामानें तिला मरूं दिलें नाहीं एवढेंच नव्हे, तर तिला कधीं जिंकूंहि दिलें नव्हतें, असा त्याचा अर्थ होऊन बसतो.

मग दयेला जागाच नाहीं काय? आहे, पण ती फांशाच्या अलीकडे. "गिऱ्हा पाण्यांतून वर आला आहे. ह्या वारानें तूं मरूं शकतेस. अजून पळतां येईल. काय करतेस?" असें सूत्रधारानें आधीं विचारावें आणि मग फांसा सर्वांदेखत टाकावा. मरणाऱ्या पात्रास शेवटची एक कृति करूं द्यावी, किंवा त्याला परत आणण्यासाठीं साथीदारांस एक खडतर प्रवास करतां यावा, असेहि नियम करतां येतात. मात्र ते खेळाच्या आरंभींच ठरलेले असावेत.

आधीं न ठरलेल्या नियमाची किंमत किती जबर असते, हें महाभारतानें सांगून ठेविलें आहे. धर्मराजानें प्रथम स्वतःस हरविलें आणि मग द्रौपदीस पणास लाविलें. जो स्वतःच दास झाला त्यास दुसऱ्या कोणास पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, हा तिचा प्रश्न होता. आणि तो इतर गोष्टींबरोबर खेळाच्या नियमाचाहि प्रश्न होता. भीष्मासारख्या वडीलधाऱ्यासहि त्याचा निर्णय देतां आला नाहीं. सभा होती, फांसे होते, खेळाडू होते. नव्हता तो निर्णय देणारा पंच.

ह्या साऱ्याचें तात्पर्य सूत्रधारानें एका साध्या वहींत उतरवावें. घरचे नियम त्या वहींत लिहिलेले असावेत आणि ती कोणासहि उघडतां यावी. नियम बदलावयाचा तर तो दोन बैठकींच्या मधल्या काळांत, सर्वांच्या संमतीनें बदलावा. आणि दोन-तीन बैठकी तो चालवून पाहून मगच कायम करावा. जो नियम नायकांस लागू तोच त्यांच्या शत्रूंसहि लागू असावा. ऐन खेळांत नवा पेंच पडला तर सूत्रधारानें वाद वाढूं न देतां त्या वेळेपुरता निर्णय द्यावा, वहींत खूण करावी आणि खेळ संपल्यावर त्याचा सावकाश विचार करावा. एवढें पथ्य पाळलें कीं राइसविट्झचें कोष्टक आणि व्हेर्डीचा पंच हे दोघेहि एका टेबलाशीं सुखानें नांदूं शकतात.

कच्च्या लिंबाचा नियम इतकीं वर्षें टिकला ह्याचें मर्महि हेंच आहे. तो खेळ सुरू होण्यापूर्वीं, सर्वांदेखत, मोठ्यानें सांगितला जातो. राज्य आल्यावर मागाहून नव्हे. आणि त्याचा शेवटहि ठरलेला असतो. एके दिवशीं तो धाकटा भाऊ स्वतःच पुढें येतो आणि आपण आतां कच्चे लिंबू नाहीं असें बजावतो. त्या दिवशीं त्याच्यावर राज्य येतें, तो थोडा रडतो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां खेळावयास येतो. शिरवण्याच्या त्या मुलीनें मामासमोरचा पुठ्ठा बाजूस सारला, तर मामानें तो पुन्हां उभा करूं नये.